गाय गाभडली, त्यानंतरचा ताप

आमचं गाव संगमनेर तालुक्यात. शेती थोडी, घर चालतं ते दुधावर. गोठ्यात तेव्हा अकरा जनावरं होती, सगळी संकरित. धारा, वैरण, शेण, डेअरीला दूध पोचवणं, हे मी आणि आमचे हे मिळून करतो. कामाची गर्दी असली की धाकटे दीर येतात. आमच्याकडे जे झालं ते सांगते. दारात गाय-म्हैस बांधलेल्या कुठल्याही घरात ते होऊ शकतं, म्हणून.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही बाजारातून एक गाभण कालवड आणली. दिसायला चांगली, कास भरायला लागलेली. कानात बिल्ला होता. विकणारा म्हणाला, सगळ्या लसी झाल्यात. भावही बरा जमला.

महिनाभरात, आठवा महिना लागता लागता, तिने एका पहाटे गाभ टाकला. वासरू मेलेलं होतं. आधी काहीच खूण नव्हती. ना ताप, ना खाणं कमी. वार दिवसभर पडली नाही. संध्याकाळी ह्यांनी आणि गावातल्या एका जाणत्या माणसाने हात घालून ती काढली. आमच्याकडे हे असंच करतात. उघडा हात, कोपरापर्यंत साबण. घास कापताना विळा लागून ह्यांच्या बोटांवर चिरा कायमच असतात. वासरू दिरांनी बांधाला पुरलं, वार उकिरड्यावर गेली, जागा पाण्याने धुऊन घेतली. टेम्पोत धक्का बसला असेल, असं जो तो म्हणाला. आम्हालाही ते पटलं.

तीन-एक आठवड्यांनी ह्यांना ताप यायला लागला. दुपारपर्यंत माणूस ठीक असायचा. दिवेलागणीला कणकण, रात्री दरदरून घाम. बनियन पिळून काढावा इतका. सकाळी परत बरं वाटायचं, म्हणून गोठ्यातलं काम सुटलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी डेंगी आणि मलेरिया तपासला, काही निघालं नाही. टायफॉइडच्या तपासणीत थोडं काही दिसलं, म्हणून सलाईन आणि इंजेक्शनं झाली. ताप उतरला. आठवडाभराने पुन्हा आला. मी डॉक्टरांना दोष देत नाही. पावसाळ्यात ताप म्हटला की कुणीही आधी हेच बघणार.

मग कंबर धरली. धारेला बसलं की उठता येईना. मग दोन्ही वेळच्या धारा माझ्यावर आल्या. एक्स-रेत काही दिसलं नाही. वजन उतरत चाललं तसं आम्ही नाशिक गाठलं. एमआरआयमध्ये कमरेच्या दोन मणक्यांना आणि मधल्या चकतीला सूज दिसली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याचा टीबी असावा, सुईने तिथला तुकडा काढून तपासू आणि मग औषधं सुरू करू. तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली.

घरी टीबी हा शब्द आला आणि सासूबाईंनी ह्यांचं ताट-वाटी वेगळं केलं. मणक्याचा टीबी ताटातून पसरत नाही, हे मला माहीत होतं. पण मी बोलले नाही. खरं सांगायचं तर रात्री मुलांची अंथरुणं मीही दुसऱ्या खोलीत टाकली.

त्याच आठवड्यात आमच्या गोठ्यात जन्मलेली, तिसऱ्या वेताची गाय गाभडली. ह्या वेळी मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. नव्या डॉक्टर मॅडम आल्या. खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. वारेला कुणी हात लावू नका, असं त्यांनी गाडीवरून उतरतानाच सांगितलं. मग विचारलं, "ताई, याआधी कुठली गाय गाभडली होती? तिची वार कुणी काढली?" मी सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "घरात कुणाला ताप आहे का?"

मी ह्यांना बाहेर बोलावलं. काठी टेकत आले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कधी सुरू झाला, रात्री घाम येतो का, सांधे दुखतात का, अंडकोषाला सूज आली होती का, असंही विचारलं. हे जरा संकोचले. एका बाजूला सूज येऊन गेली होती, हे मलाही तेव्हाच कळलं.

त्यांनी सगळ्या जनावरांचं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी तपासणी माझ्यासमोर केली. रक्तावरचं पाणी, म्हणजे सीरम, त्याचा एक थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर टाकला. शेजारी गडद गुलाबी औषधाचा एक थेंब. दोन्ही काडीने कालवले आणि फरशी हातात धरून हळूहळू डोलवली. चार मिनिटं बघायचं असतं. पहिल्या काही जनावरांचे थेंब तसेच राहिले, एकसारखे गुलाबी. बाजारातून आणलेल्या कालवडीचा थेंब मात्र दूध नासावं तसा फुटला, त्यात गुठळ्या झाल्या. आमच्या तिसऱ्या वेताच्या गाईचाही तसाच फुटला. तिच्या शेजारी दावणीला असलेल्या गाईचाही. खात्रीसाठी नमुने पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागात गेले. तिथूनही तेच आलं. ब्रुसेलोसिस.

मॅडमनी मला नीट समजावलं. हा जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात वाढतो. पाचव्या महिन्यानंतर, बहुतेक वेळा शेवटच्या तिमाहीत, गाय गाभडते. वार अडकते. त्या वारेत, पाण्यात आणि मेलेल्या वासरात जंतू खच्चून भरलेले असतात. दुसऱ्या गाई ते चाटतात, नाहीतर तिथे पडलेली वैरण खातात आणि त्यांना लागण होते. माणसाला तो हाताच्या चिरांमधून, डोळ्यात शिंतोडा उडाला तर, श्वासातून किंवा कच्च्या दुधातून होतो. फसगत होते ती पुढे. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेळी बहुतेक दिवस भरून विते. आपल्याला वाटतं, बरी झाली. ती बरी झालेली नसते. दुधातून आणि विताना जंतू टाकत राहते, कित्येकदा जन्मभर.

मग त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. रुग्ण गोपालक आहे, गोठ्यात ब्रुसेलोसिस आढळला आहे, रुग्णाने उघड्या हाताने वार काढली होती, ब्रुसेलाची तपासणी करावी. खाली सही-शिक्का. "ही चिठ्ठी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. ते हसले तरी दाखवा," म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि तुकडा काढायची तारीख पुढे ढकलली. रक्ताच्या दोन तपासण्या लिहिल्या. एक ब्रुसेलाच्या प्रतिपिंडांची. आपल्याकडे १:१६० च्या वर आलं आणि लक्षणं जुळत असली तर रोग धरतात. ह्यांचं १:६४० आलं. दुसरी तपासणी रक्तातून जंतू वाढवून बघण्याची. हा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे बाटली नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवायला लागते. शिवाय वाढवलेला जंतू हाताळताना प्रयोगशाळेतल्या माणसालाच लागण होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी लॅबला आधी फोन करून कल्पना दिली. त्यातही ब्रुसेलाच निघाला.

मी विचारलं, मग टीबी कसा वाटला? डॉक्टर म्हणाले, दोन्हींत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, सुजलेला मणका. आपल्या देशात टीबी इतका आहे की आधी तोच डोक्यात येतो. त्यातून एक औषध दोन्हीकडे चालतं. ब्रुसेलाच्या माणसाला टीबीच्या गोळ्या दिल्या तर थोडा फरक पडतो, सगळ्यांना वाटतं निदान बरोबर आहे, आणि खरा रोग मागे राहतो. "तुमचा गोठा आहे हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं," ते म्हणाले. खरंच नव्हतं. व्यवसाय म्हणून आम्ही सगळीकडे 'शेती' लिहिलं होतं.

उपचार लांबलचक. साध्या ब्रुसेलोसिसला सहा आठवडे डॉक्सिसायक्लीन, दिवसाला दोनशे मिलिग्रॅम. जोडीला रिफाम्पिसिनच्या गोळ्या, नाहीतर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली सांगितलेली पद्धत अजूनही तीच आहे. नंतरच्या अभ्यासांत इंजेक्शनवाल्या जोडीत रोग उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे. ह्यांच्या मणक्यात रोग शिरला होता, म्हणून तिन्ही औषधं दिली. इंजेक्शनं पहिले तीन आठवडे, गोळ्या तीन महिने.

ह्यात काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. डॉक्सिसायक्लीन दुधाबरोबर घ्यायची नाही. दुधातल्या कॅल्शियममुळे ती अंगी लागत नाही. आमच्या घरात गोळी म्हटली की सासूबाई दुधाचा पेला पुढे करतात, त्यामुळे हे भिंतीवर लिहून ठेवलं. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळतं. उन्हात कातडी पोळते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. रिफाम्पिसिन सकाळी उपाशीपोटी. त्याने लघवी नारिंगी होते. पहिल्या दिवशी हे घाबरून बाहेर आले. रक्त जातंय असं त्यांना वाटलं. मेडिकलवाल्याने रिफाम्पिसिनचं नाव वाचलं आणि गावात टीबीची बातमी पक्की झाली. ती खोडून काढायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

दुसऱ्या आठवड्यात ताप गेला. महिनाभरात कंबर मोकळी व्हायला लागली. तेव्हा हे म्हणायला लागले, आता बस्स झाल्या गोळ्या, पोट बिघडतं. आमचे खटके उडाले. जंतू पेशींच्या आत दडून बसतो, औषध अर्धवट सोडलं तर रोग उलटतो, हे डॉक्टरांनी ह्यांना फोनवर पुन्हा सांगितलं तेव्हा ऐकलं. गोळ्या संपल्यावरही अधूनमधून रक्त तपासून घ्यायला लागलं. बहुतेक वेळा रोग उलटला तर तो पहिल्या वर्षात उलटतो. आमच्याकडे उलटला नाही.

घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. माझं, सासूबाईंचं आणि मुलांचं काही निघालं नाही. दूध आम्ही उकळूनच पितो, ते कामाला आलं असावं. उकळलेल्या किंवा पाश्चरायझेशन केलेल्या दुधात हा जंतू टिकत नाही. वासरू पुरणाऱ्या दिरांचं रक्त थोडं वर आलं होतं, पण त्रास काही नव्हता. त्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. धारोष्ण दूध प्यायची त्यांची सवय मात्र त्या दिवशी सुटली.

माणसाचं मार्गी लागलं. गाईंचं अवघड होतं.

ह्या तिन्ही गाईंना औषध नाही. म्हणजे औषध देऊन जंतू पुरता जाईल याची खात्री नाही, म्हणून देत नाहीत. काही देशांत अशी जनावरं सरकार मारतं आणि मालकाला भरपाई देतं. आपल्या राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे. मग उरतं काय? वेगळं बांधायचं, नाहीतर बाजार दाखवायचा. एक व्यापारी घरी येऊन गेला. गाभडलेल्या गाई त्याला चालणार होत्या. तो पुढे त्या गाभण करून कुणालातरी विकणार होता, जशी ती कालवड आम्हाला मिळाली. दवाखान्याचं बिल समोर होतं. एक रात्र आम्ही दोघं ह्यावर बोलत बसलो. मोह झाला, नाही असं नाही. सकाळी ह्यांनी त्याला फोन करून नाही सांगितलं.

मग मळ्याच्या टोकाला वेगळं छप्पर टाकलं. तिन्ही गाई तिकडे. पुन्हा भरवायच्या नाहीत, दूध आटवून टाकायचं. तिकडची बादली, तिकडची दोरी, तिकडचे गमबूट इकडे आणायचे नाहीत. जुन्या गोठ्यातलं शेण आणि ओली माती खरवडून काढली, ब्लिचिंग पावडरचं पाणी मारलं, चुना फासला. ओल आणि सावली मिळाली तर हा जंतू महिनोन्‌महिने टिकतो, ऊन आणि कोरड त्याला सोसत नाही. गाभडलेलं वासरू आणि वार खोल खड्ड्यात, चुना टाकून, कुत्र्यांनी उकरू नये अशी पुरायची. आमच्या कुत्र्याने पहिली वार उकिरड्यावरून ओढून गोठ्यापर्यंत आणलेली मला नंतर आठवली.

गावात आमचे काही रतीब होते. त्यांना जाऊन सांगितलं की गोठ्यात रोग निघाला आहे, दूध उकळूनच घ्या, नको असेल तर बंद करा. दोघांनी बंद केलं. उरलेल्यांनी विचारपूस केली आणि चालू ठेवलं. डेअरीचं दूध पाश्चराइज होतं, तरी तिथेही कळवलं. संकलन केंद्रावर दुधाची एक स्वस्त तपासणी होऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. नळीत दूध घेऊन रंगीत औषधाचा थेंब टाकतात आणि ठेवून देतात. रोग असेल तर वर येणाऱ्या सायीबरोबर रंगाचं कडं वर चढतं. एका गाईपेक्षा सगळ्या गोठ्याचं एकत्र दूध चाळून बघायला ती बरी पडते.

लसीचंही सांगते, कारण आमची फसगत तिथेच झाली. कानातला बिल्ला म्हणजे जनावराचा बारा आकडी क्रमांक. बिल्ला आहे म्हणून ही लस झाली, असं होत नाही. नोंद बघायला लागते आणि ती पशुवैद्यकीय डॉक्टर बघू शकतात. ब्रुसेलाची एस-१९ ही लस फक्त माद्यांना, चार ते आठ महिने वयात, आयुष्यात एकदाच देतात. गाभण गाईला दिली तर तिने ती गाभडू शकते. मोठ्या जनावराला दिली तर पुढे रक्त तपासताना रोग की लस हे कळत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर हीही लस फुकट मिळते, गाईच्या आणि म्हशीच्याही वासरांना. लस जिवंत जंतूची असते, म्हणून टोचणारा हातमोजे आणि चष्मा घालतो. सुई चुकून स्वतःला लागली तर लगेच डॉक्टर गाठायचा. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने ह्याच एस-१९ मधलं एक जनुक काढून नवी लस केली आहे. लस दिलेलं जनावर आणि रोगी जनावर रक्तावरून वेगळं ओळखता यावं, हा तिचा हेतू आहे. माणसासाठी मात्र लस नाही.

हा रोग हवेतून किती सहज पसरतो, ते मॅडमनी एका उदाहरणाने सांगितलं. २०१९ मध्ये चीनमधल्या लानचौ शहरात ब्रुसेलाची जनावरांची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर जाणाऱ्या हवेतले जंतू मेले नाहीत आणि दहा हजारांहून जास्त माणसं बाधित झाली. त्यातल्या बहुतेकांनी कधी गोठा पाहिलाही नसेल. जगात दरवर्षी ह्या रोगाचे पाच लाख नवे रुग्ण होतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तो अंदाज १६ ते २१ लाखांवर नेला आहे. टायफॉइड आणि टीबी म्हणून उपचार होत राहणारे आमच्यासारखे किती असतील, कोण जाणे.

आता हे धारेला बसतात. जड उचलत नाहीत. वेगळ्या ठेवलेल्या गाईंपैकी एक गेली, दोन आहेत. वैरणीचा खर्च आहे, मिळकत शून्य. भरपाई कुठून मिळाली नाही. गोठ्यातल्या कालवडींना लस झाली आहे. हातमोज्यांची पिशवी खुंटीला असते. गाय गाभडली तर कुणी हात लावायच्या आधी दवाखान्यात फोन जातो. घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगतो की आमच्याकडे जनावरं आहेत.

यंदा दिवाळीनंतर एक गाय घ्यायची होती. पहिल्या ठिकाणी रक्त तपासू द्या म्हटल्यावर मालक चिडला. आम्ही परत आलो. दुसऱ्या गावी एकाने तपासू दिलं, पैसे आम्ही दिले. अहवाल चांगला आला. तरी गाय आणून आधी महिनाभर वेगळी बांधली, पुन्हा रक्त तपासलं आणि मगच दावणीला घेतली.